पटावरच्या दाण्यांची वीस अंकी संख्या कागदावर कशी फोडावी

बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत गेल्यास ६४ घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे लागतात. दाणे येळ्ळूरच्या शिवारातील बासमतीचे असोत वा बैलहोंगलकडील ज्वारीचे, एवढी रास कोणत्याही खळ्यावर पडणार नाही. तिचे मूळ अवयव मात्र बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला वहीच्या दोन पानांत काढता येतात. मोबाईलवरील साधे गणकयंत्र एवढी मोठी संख्या बहुधा शेवटचे अंक गाळून दाखवते, म्हणून ते बाजूला ठेवावे.

प्रथम भागाकाराचा मोह टाळून संख्येची घडण पाहावी. ती २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकने कमी आहे आणि ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग आहे. त्यामुळे दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतील सूत्र लागू पडते, आणि उणे एक असलेल्या कंसाला ते पुन्हापुन्हा लावत गेल्यास संख्या ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७ अशी सुटते.

पहिले चार अवयव मूळ आहेत हे लगेच तपासता येते. शेवटच्या दोघांसाठी फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुकास यांनी १८७८ मध्ये सिद्ध केलेला नियम वापरावा. त्यानुसार ६५५३७ चा कोणताही विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकने मोठा असतो. या संख्येचे वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे असल्याने ६५, १२९ आणि १९३ एवढ्याच संख्या विचारात येतात. त्यांपैकी मूळ संख्या १९३ ही एकटीच, आणि तिने भागल्यास बाकी ११० उरते. म्हणजे एका भागाकारात ६५५३७ मूळ ठरते.

खरी गंमत दहा अंकी अवयवात आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांना तो मूळ वाटत होता. स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी १७३२ मध्ये त्याचा विभाजक शोधून तो समज खोडून काढला. येथे लुकास यांच्याच नियमाने विभाजक १२८ च्या पटीपेक्षा एकने मोठा हवा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ दोनच, २५७ आणि ६४१. २५७ ने भागल्यास बाकी २ उरते. ६४१ साठी लांबलचक भागाकार मांडण्याचीही गरज नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ गुणिले २ चा ७ वा घात ही संख्या ६४१ च्या हिशेबात, म्हणजे ६४१ ने भागून फक्त बाकी पाहिल्यास, उणे एक ठरते, आणि तिचा चौथा घात घेतला की एक. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ + १६, म्हणून ५ च्या चौथ्या घाताऐवजी उणे १६, म्हणजे २ चा चौथा घात उणे चिन्हासह, लिहिता येतो. मग त्याच हिशेबात २ च्या ३२ व्या घाताची किंमत उणे एक येते आणि आपला अवयव, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक एक, निःशेष भागला जातो. माझ्या मते शालेय गणितात याहून देखणी युक्ती क्वचितच सापडेल.

भागाकार ६७००४१७ येतो. त्याचे वर्गमूळ २५८९ च्या आत असल्याने २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच मूळ संख्यांनी भागून पाहावे. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ उरतात, म्हणून तीही मूळ होय.

एकूण सात मूळ अवयव झाले आणि प्रत्येक एकदाच आला, म्हणून या संख्येचे विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ आहेत. अर्ध्या पटावरील, ३२ घरांतील दाणे मोजल्यास ४२९४९६७२९५ भरतात, आणि ती संख्या म्हणजे सुरुवातीच्या मांडणीतील पहिल्या पाच अवयवांचाच, ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा, गुणाकार होय.