ओळ बरोबर, उत्तर चूक

मार्च २०१९ला मी दहावी दिली. पुस्तक नवं, कृतिपत्रिका म्हणजे प्रश्नपत्रिकाही नवी आणि आमची पहिलीच तुकडी. मराठी माध्यम. इंग्रजी पहिलीपासून होतं, पण वर्गाबाहेर कधी कानावर पडलं नाही.

सराव परीक्षेत उताऱ्याला दहापैकी चार पडले. उताऱ्यात एक मुलगा स्वतःबद्दल सांगत होता. प्रश्न होता, ‘व्हाय डिड द बॉय क्राय?’ मी नेमकी ओळ शोधली आणि जशीच्या तशी उतरवली: ‘आय क्राइड बिकॉज माय फादर वॉज इल.’ सरांनी लाल पेनाने शेजारी लिहिलं, ‘रडलं कोण? तू?’ वर्ग हसला, मीही हसलो. पण पुढच्या दोन उत्तरांतही तोच घोळ होता. ‘आय’चं ‘ही’ आणि ‘माय’चं ‘हिज’ करायचं एवढंच राहिलं होतं.

आता शेजारची मुलं शिकायला येतात, त्यांच्याही वह्यांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते. म्हणून त्यांना सांगतो, आधी प्रश्न वाचा, मग पेन्सिल घेऊन उतारा. ओळ सापडली की लिहिण्याआधी बघा, ती कोण बोलतंय. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका. पुढच्या वाक्यात बहुतेक वेळा त्याचा माग लागतो.

व्याकरणात पाठांतराने मला फार दगा दिला. ‘अति’ या अर्थाचा ‘टू’ काढून ‘सो… दॅट’ वापरा, हा नेहमीचा प्रश्न. ‘द बॅग वॉज टू हेवी फॉर हर टू लिफ्ट.’ मी लिहिलं, ‘द बॅग वॉज सो हेवी दॅट शी कॅनॉट लिफ्ट.’ यात दोन चुका. ‘वॉज’ आहे म्हणजे ‘कुड नॉट’ हवं, ही सगळे सांगतात. दुसरी कुणी सांगत नाही: शेवटी ‘इट’ लागतो. आपण म्हणतो, ‘पिशवी इतकी जड होती की तिला उचलता आली नाही.’ पिशवीचं नाव पुन्हा घ्यावं लागत नाही, म्हणून इंग्रजीतही हात तिथेच थांबतो.

‘पासून’चंही तसंच. ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘२०१९पासून’ याला आपला एकच शब्द. इंग्रजीत पहिल्याला ‘फॉर’, दुसऱ्याला ‘सिन्स’. क्रियापदही ‘अ‍ॅम लिव्हिंग’ नव्हे, ‘हॅव बीन लिव्हिंग’. चूक कुठे होते ते पाहायचं असेल तर आपलं इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. फारच सहज जुळलं तर मला तरी शंका येते.

उताऱ्याखालची शेवटची कृती स्वतःच्या मताची, दोन गुणांची. तिचं उत्तर उताऱ्यात नसतं, म्हणून सराव परीक्षेत मी ती कोरी सोडली होती. साधी तीन-चार वाक्यं पुरतात. तीही मी बोर्डाच्या पेपरात लिहिली, शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा. त्यात ‘माय फादर’ होतं, आणि या वेळी ते बरोबर होतं.