कॉल सेंटरची पहिली नोकरी: सही करण्याआधी आणि हेडफोन लावल्यावर

ऑफर लेटरवर महिन्याला 17,720 लिहिलेत म्हणून घरी तेवढे सांगून मोकळ्या होऊ नका. समजा, त्यात ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 16,000 आणि त्यातला बेसिक, म्हणजे मूळ पगार, 10,000 आहे. बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 1,200 तुमचा पीएफ, ग्रॉसच्या 0.75 टक्के, म्हणजे 120 ईएसआयसी, अर्थात कामगार विमा. हातात उरले 14,680. 16,000 च्या वरचे 1,720 हा पीएफ-ईएसआयसीत कंपनीने भरायचा वाटा, तोही पगारातच मोजून दाखवतात. महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. स्लिपवर कापलेला दिसला तर एचआरला विचारा. इन्सेंटिव्ह मिळेल तेव्हा मिळेल, त्याच्या भरवशावर हप्ता घेऊ नका. आणि नोकरीसाठी कुणी डिपॉझिट किंवा मूळ मार्कशीट मागितली तर तिथून उठा.

दिंडोरी, निफाड, सिन्नरहून ये-जा करणाऱ्या मुलींची नोकरी कामापेक्षा गाडीपायी सुटते. शिफ्ट रात्री नऊला संपत असली तरी 8:58 ला आलेला कॉल पुरा करावाच लागतो, आणि तोवर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून गावाची शेवटची एसटी निघून गेलेली असते. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री 9:30 ते सकाळी 7 या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमतीने ठेवलं तर सुरक्षितता आणि घरी सोडण्याची सोय मालकाकडे. हे संमतीपत्र जॉइनिंगच्या कागदांच्या गठ्ठ्यात असतं आणि घाईत सही होऊन जाते. आधी विचारा: कॅब दारापर्यंत येते की नाक्यापर्यंत? कॅबची हद्द कुठे संपते?

फ्लोअरवर सगळा खेळ एएचटीचा, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेचा. साडेसात तास लॉगिन म्हणजे 450 मिनिटं. एएचटी पाच मिनिटांचा असेल तर सलग 90 कॉल. त्या पाच मिनिटांत होल्ड आणि कॉलनंतरचं टायपिंगही धरलेलं असतं. नवख्या मुलींचा वेळ बोलण्यात कमी आणि नंतर नोंद लिहिण्यात जास्त जातो. नोंद बोलता बोलताच टाका. पण घाईत ग्राहकाची ओळख पडताळल्याशिवाय खात्याची माहिती सांगितली, तर तो फेटल, म्हणजे माफी नसलेली चूक. कॉल कितीही गोड झाला असला तरी क्वालिटीचे, म्हणजे कॉल तपासणीचे, गुण शून्य.

इंग्रजीची धास्ती सगळ्यांनाच असते. मार्क मात्र हिंदीत जातात. मराठीत आवाज ‘तो’, हिंदीत ‘ती’. ‘आपका आवाज कट रहा है’ नव्हे, ‘आपकी आवाज़ कट रही है’. ‘आप बोलो’ऐवजी ‘आप बताइए’. ‘मेरेको’ तर नकोच.

शिवीगाळ किंवा लगट करणाऱ्या कॉलला किती वेळा ताकीद देऊन फोन ठेवता येतो, हे ट्रेनिंगमध्येच विचारून लिहून घ्या. त्रास ऑफिसातल्याच कुणाचा असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची.

मुक्त विद्यापीठातून पदवी करत असाल तर परीक्षेचं वेळापत्रक हाती येताच टीएलला, म्हणजे टीम लीडरला, मेल करा. रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, लागल्यावर सुट्टी मागितली तर ‘अदलाबदलीला कुणी शोध’ एवढंच उत्तर मिळतं.