गृहकर्जाचे हप्ते थकलेत? निदान या चुका टाळा

कोरोनात हप्ते थकलेल्या शेजाऱ्यांचे कागद मी भांडुपच्या आमच्या सोसायटीत कितीतरी रात्री चाळले. चुका त्याच त्याच, आणि त्यापायी घरं जायची वेळ येते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नोटीस न घेणं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची केटरिंगची कामं लॉकडाऊनमध्ये बंद पडली. 2021च्या दिवाळीआधी बँकेचं रजिस्टर पाकीट आलं, तेव्हा काकूंनी घाबरून पोस्टमनला परत पाठवलं. घेतलंच नाही तर लागू कसं होईल, असं दोघांना वाटलं. मग एका दुपारी दारावर, तोरणाच्या खालीच, ताब्याची नोटीस खळ लावून चिकटवलेली! सरफेसी कायद्याने बँक कोर्टात न जाता तारण घराचा ताबा घेऊ शकते; त्याच्या कलम 13(2)च्या, म्हणजे थकबाकी भरा सांगणाऱ्या नोटिशीनंतर 60 दिवस मिळतात. त्यात लेखी हरकत दिली की बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते दिवस हातचे गेले होते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ऋण वसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवस असतात. आमचा अर्ज 41व्या दिवशी लागला. घर वाचलं, पण थकबाकीपायी काकूंच्या पाटल्या गेल्या.

म्हणून पाकीट घ्या, मिळाल्याची तारीख त्यावरच लिहा, साठावा दिवस कालनिर्णयवर गोल करा. उत्तराच्या दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर शाखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. 'साहेबांशी बोलणं झालंय' याला मी काडीची किंमत देत नाही.

दुसरी चूक: मार्च ते ऑगस्ट 2020च्या सवलतीला हप्तामाफी समजणं. हप्ते फक्त पुढे ढकलले होते, व्याज चालूच होतं. 30 लाख बाकी आणि 8 टक्के दर असेल, तर महिन्याला 20,000, सहा महिन्यांत 1,20,000 रुपये. पगार चालू असलेल्यांनीही सगळे घेताहेत म्हणून ती घेतली, याचा मला आजही राग येतो. व्याजावरचं व्याज मात्र घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2021ला सांगितलं. बँकेने ते आधी घेतलं असेल तर खात्यात परत जमा झालं का, उतारा काढून बघा.

हप्ता भरायला क्रेडिट कार्डावर पैसे उचलू नका.

'सेटलमेंट करून देतो' म्हणत कोऱ्या चेकवर सही मागणाऱ्याला घरात घेऊ नका.

आणि मुदत बघा. रिझर्व्ह बँकेच्या मे 2021च्या योजनेत कर्जाची फेररचना मागायला 30 सप्टेंबरपर्यंत वेळ होता. माझ्याकडे लोक ऑक्टोबरमध्ये फायली घेऊन आले.