विस्मृतीत गेलेलं ब्रॉडवे म्युझिकल रेकॉर्डवरून कसं ऐकावं

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरचं एखादं जुनं म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक, ऐकायचं म्हटलं की ‘आधी त्यातलं गाजलेलं गाणं ऐका, आवडलं तर बाकीचं बघा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मनावर घेऊ नका. सिनेमाचं गाणं सुटं ऐकता येतं. आपलं नाट्यपदही मैफलीत एकटं उभं राहतं, कारण त्याच्या पाठीशी राग असतो. पण 1940 ते 1970 च्या दरम्यानचं ब्रॉडवेचं गाणं बहुतेकदा एका पात्राने दुसऱ्याला, एका ठरावीक क्षणी म्हटलेलं असतं. तो क्षण हरवला की अर्धं गाणं हरवतं. त्यातून म्युझिकल फारसं कुणाला ठाऊक नसलं, की त्यावर सिनेमा नसतो, प्रयोग कुठे लागत नाही. उरतं ते फक्त मूळ नटसंचाचं रेकॉर्डिंग.

निवड करताना प्रयोगसंख्या पाहू नका. ‘एनिवन कॅन व्हिसल’ 1964 मध्ये 9 प्रयोगांत बंद पडलं आणि कोलंबिया कंपनीने ते बंद पडल्यावर रेकॉर्ड केलं. अभिनेत्री अँजेला लॅन्सबरीचा त्यातला आवाज ऐका, म्हणजे अपयशी नाटक म्हणून ते सोडून देणं किती चुकीचं होतं ते कळेल.

आवृत्ती मात्र पारखून घ्या. 1956 च्या आधीचं रेकॉर्डिंग बहुधा मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेलं, असतं. ते मोनोच ऐका. साठच्या दशकात कंपन्यांनी जुन्या मोनो रेकॉर्ड्सना कृत्रिम स्टिरिओ करून पुन्हा विकलं. त्यात खालचे सूर एकीकडे, वरचे दुसरीकडे, वर घुमारा, आणि शब्द पार गढूळ. सीडीच्या शेवटी जोडलेली जादा गाणी पहिल्या वेळी बंद ठेवा.

आता खरी अवघड पायरी. मी स्वतः इथेच बराच काळ अडखळले आहे. एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण 25 मिनिटं मावतात, म्हणजे दोन्ही मिळून पाऊण-एक तास. नाटक असतं दोन-अडीच तासांचं. त्यामुळे तुम्ही ऐकता ते नाटक नसून त्यातून कापून काढलेले तुकडे असतात, आणि काय कापलंय हे रेकॉर्ड सांगत नाही. यावर लोक म्हणतात, संपूर्ण कथानक वाचून घ्या. तेही करू नका! वीस नावं डोक्यात घोळत राहतात, शेवट आधीच कळतो आणि गाणी नुसती पुरावा म्हणून ऐकली जातात.

त्याऐवजी एक कागद घ्या. इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेसवर बहुतेक नाटकांच्या गाण्यांची अंकवार यादी आणि गायक पात्रांची नावं असतात. ती क्रमाने उतरवा. रेकॉर्डवर जे गाणं नाही त्यासमोर फुली मारा. जे आहे त्यासमोर एकच ओळ लिहा: कोण, कुणाला, काय मिळवायला गातंय. तेवढ्यापुरतंच कथानक बघा, तेही आधी फक्त पहिल्या अंकाचं.

या एका ओळीने काय होतं ते ‘द गोल्डन अ‍ॅपल’मध्ये पाहा. संगीतकार जेरोम मोरॉस आणि गीतकार जॉन लाटूश यांनी 1954 मध्ये इलियड आणि ओडिसी ही ग्रीक महाकाव्यं उचलून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका खेड्यात आणून ठेवली. सगळं नाटक गाण्यातच चालतं, पण आरसीए या रेकॉर्ड कंपनीने ते एका एलपीत कोंबलं आणि मधल्या फटी यमकातल्या निवेदनाने बुजवल्या. त्यात हेलनचं ‘लेझी आफ्टरनून’ आहे, के बॅलर्डच्या आवाजात. काहीच ठाऊक नसेल तर ते सुस्त दुपारचं, किड्यांचं आणि झाडांचं वर्णन वाटतं. आता कागदावर लिहा: ‘म्हाताऱ्या शेरीफची तरुण बायको, फुग्यातून गावात उतरलेल्या फिरत्या विक्रेत्याला, जवळ ओढायला.’ आणि हेही लिहा की हा विक्रेता, म्हणजे पॅरिस, नाटकभर एक शब्द बोलत नाही, फक्त नाचतो. आता दोन ओळींमधला प्रत्येक थांबा त्याचा होतो. ती गाते, थांबते, तो काय करतोय ते बघते, मग पुढची ओळ टाकते. सूर तेच, पण आता तिथे दोन माणसं आहेत.

कागद तयार झाला की एका बैठकीत ऐका. पहिली बाजू, चहा, दुसरी बाजू. गाण्यांचा क्रम बदलू नका, ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, गाळू नका.

काही नाटकांची रेकॉर्ड शोधण्यात वेळ घालवू नका. 1948 मध्ये अमेरिकेतल्या वादक संघटनेने रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती, म्हणून ‘लव्ह लाइफ’ आणि ‘व्हेअर्स चार्ली?’ यांच्या ब्रॉडवे संचाची रेकॉर्ड निघालीच नाही. दुसऱ्याची 1958 च्या लंडन प्रयोगाची आहे, ती घ्या.

नंतरच्या काळातलं संपूर्ण रेकॉर्डिंग मिळत असेल तर ते दुसऱ्यांदा, पहिल्यांदा नाही. ‘द गोल्डन अ‍ॅपल’चं असं रेकॉर्डिंग टेक्ससच्या लिरिक स्टेज या नाट्यसंस्थेने केलेल्या प्रयोगाचं आहे, 2015 मध्ये दोन सीडींवर निघालेलं. सरळ तेच ऐका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मूळ संच बहुधा नाटक सुरू झाल्यावर लगेच, सुट्टीच्या रविवारी स्टुडिओत जायचा. भूमिका गळ्यात ताजी असायची. ते आवाज आधी कानात मुरू द्या. आठवडाभराने संपूर्ण आवृत्ती लावा, तोच कागद समोर ठेवा आणि फुली मारलेल्या गाण्यांसमोर एकेक ओळ भरत जा.