भाताला चार उन्हं द्या, मगच पोतं शिवा

सुगी आटपत आली. बेळगावकडे येळ्ळूरपासून जांबोटीपर्यंत कापणी-मळणीचं मशीन फिरतंय. सकाळी कापणी, संध्याकाळी पोती दारात, रात्रीच दाभणाने तोंड शिवून माळ्यावर. घात इथंच होतो. पूर्वी कापलेलं भात शेतातच वाळायचं, गंजीत मुरायचं, मग मळणी. आता ते ऊनच चुकतंय.

भाताला लागणारं पाखरू, म्हणजे साठवणीतल्या दाण्यातला छोटा पतंग, बहुतेकदा शेतातूनच घरी येतं. वाळल्या गवताच्या रंगाचं, पंखांना बारीक झालर. मादी पिकत्या लोंबीवर शंभरभर अंडी घालते. आठवडाभरात अळी निघते, टरफलाच्या फटीतून आत शिरते आणि त्या एकाच दाण्यात वाढते. कोषात जाण्याआधी आतून गोल खिडकी कुरतडते, वर पापुद्रा तेवढा ठेवते. बाहेरून दाणा धडधाकट! उबेत, ओलाव्यात पाचेक आठवड्यांत नवं पाखरू. म्हणजे शिमग्यापर्यंत दोन पिढ्या.

गेल्या साली एका घरी कणगीत हात घातला, तर वरचं वीतभर भात गरम. मूठभर पाण्यात टाकलं, निम्मं तरंगलं.

म्हणून चार उन्हं. ताडपत्रीवर दोन बोटं थर, दोन तासांनी पाय फिरवा. बासमती फार पातळ पसरू नका, भर उन्हात तडकतं आणि गिरणीत कणी पडते. ओलावा १२ टक्क्यांवर यावा. दाताखाली दाणा कटकन तुटला पाहिजे. शंका असेल तर कोरड्या बाटलीत भात आणि सुकं मीठ हलवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन हवं. आभाळ आलं तर पडवीत पसरा, पंखा लावा, पण पोतं शिवू नका.

बाकीची कामं:
- जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवणे
- माळा झाडून केर जाळणे, फटी लिंपणे
- पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब
- जुनं भात वेगळं
- रिकाम्या खोलीच्या भिंतींना मॅलाथिऑन ५० ईसी, लिटरला १० मिली, १०० चौरस मीटरला ३ लिटर द्रावण. भातावर थेंबही नको
- बियाण्याला क्विंटलमागे १ किलो निंबोळी पावडर

दुकानदार धुरीची गोळी (अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड) पुढे सरकवेल. तिचा वायू माणूस मारतो, राहत्या घरात नकोच. आणि भात ओलं असेल तर महागडी पावडरसुद्धा पैसे पाण्यात. पाखरू दुबळं, वरच्या फूटभरातच फिरतं. म्हणून मी कणगीवर अजून राखेचा थर देतो, वर निरगुडीचा पाला. पाल्याचं काय ते माहीत नाही, राख मात्र सोडणार नाही.

पंधरा दिवसांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. ऊब लागली तर त्याच दिवशी अंगणात ओता.