केंद्रातून माणूस घरी येतो, त्यानंतर काय करायचं

माझा धाकटा भाऊ वाशीच्या भाजी मार्केटात टेम्पो चालवायचा. व्यसनमुक्ती केंद्रात तो दोनदा राहून आला. पहिल्यांदा घणसोलीला परतला तेव्हा आईने दारात ओवाळलं, निवट्यांचं कालवण केलं, आणि सुटलो बाबा एकदाचे, असं आम्हाला वाटलं. सतराव्या दिवशी तो पिऊन आला. दुसऱ्या खेपेला तो घरी यायच्या आधीच आम्ही पुढची तजवीज करून ठेवली. केंद्र शोधायला दहा जण मदत करतात, पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांचा माणूस अजून पितोय त्यांच्यासाठी आधी दोन गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास होतात, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही आणि जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे, नुसत्या नावाला घाबरून लोक तिथे जात नाहीत. कृपा करून जा. कुठे जायचं तेच सुचत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर रात्रीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

दुसरी गोष्ट, जेवणातून गुपचूप गोळी घालू नका. आमच्या शेजारणीने हा उपाय सुचवला होता, आणि आईने जवळजवळ केलाच होता. ही दारू सोडवायची गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती पोटात असताना माणूस प्यायला तर तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं. कधी माणूस दगावतोही. ती गोळी ज्याची त्याला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायची असते.

आता घरी आल्यानंतरचं. पहिल्या आठवड्यातच त्याला एएच्या मीटिंगला न्या. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. अमेरिकेत १९३५ साली दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत हे सुरू केलं, आपल्याकडे १९५७ पासून आहे. फी नाही, कागदपत्र नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. ब्राउन शुगर किंवा इतर ड्रग्ज असतील तर एनए, म्हणजे नार्कोटिक्स अनॉनिमस. ‘तू जाऊन ये’ म्हणून पाठवू नका. आधी फोन करून मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड ते विचारा. ओपन असेल तर घरच्यांनाही बसता येतं.

आम्ही एका शाळेच्या वर्गात गेलो होतो. भावाने दाराशी चपला काढल्या आणि वाकून त्यांची तोंडं रस्त्याकडे फिरवून ठेवली, लगेच निघता यावं म्हणून. तासभर तो एक शब्द बोलला नाही. शेवटी पांढऱ्या केसांचे एक काका त्याच्याजवळ आले, म्हणाले, ‘‘मी पण मार्केटलाच होतो, कांदा-बटाट्याला.’’ आणि स्वतःचा नंबर लिहून दिला. माझं, आईचं, बायकोचं ऐकून जे झालं नाही ते त्या एका वाक्याने झालं. आज तेच त्याचे स्पॉन्सर आहेत, म्हणजे स्वतः दारू सोडलेला, त्याला सांभाळून घेणारा गटातला जुना माणूस. पहिला गट पटला नाही तर दुसरा बघा, सगळे गट सारखे नसतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे पाठपुरावा गट पुण्याबाहेरही भरतात. ठाण्यात समुपदेशन हवं असेल तर डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे.

भावजयीकडे मात्र आमचं वर्षभर लक्षच गेलं नाही. ती रात्री त्याचं तोंड हुंगायची, खिसे चाचपायची, झोपायची नाही. अल-अनॉन हा घरच्यांचा वेगळा गट असतो. माणूस पीत असो वा नसो, तुम्ही तिथे जाऊ शकता. ती तिथे पहिल्यांदा मनसोक्त रडली, आणि हळूहळू तिने खिसे तपासणं सोडलं. माझ्या मते घरातल्या एका तरी बाईने हे करायलाच हवं, माणूस बरा होण्याची वाट न बघता.

कामाचंही बघा. मार्केटचं काम रात्रीचं आणि मीटिंगा संध्याकाळी, म्हणून त्याने पगार कमी घेऊन दिवसाची गाडी धरली. पैसे त्याच्याच संमतीने भावजयीच्या खात्यात जातात, त्याच्या मोबाइलच्या खात्यात रोजचे दोनशे. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चार वेळी तलफ उसळते असं गटात शिकवतात. म्हणून तो घरी आला की आधी ताट वाढायचं, हिशेब आणि तक्रारी मागून.

घसरला तर रात्री भांडू नका, तेव्हा त्याला काही कळत नसतं. सकाळी स्पॉन्सरला फोन आणि त्याच दिवशी मीटिंग. ब्राउन शुगरवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, काही दिवस बंद राहिल्यावर शरीराला सवय उरत नाही. पूर्वीएवढाच डोस घेतला तरी जीव जाऊ शकतो.

आमच्या आगरी-कोळ्यांत सर्वांत अवघड असते ती हळदीची रात्र. मांडवामागे बाटल्या, ‘एकच घे रे’ म्हणणारे चुलते. न जाणं जमत नाही. म्हणून आम्ही सात वाजता जातो, पोटभर जेवून आणि आपल्याच स्कूटरवरून. त्याच्या हातात आधीच थंड्याचा ग्लास देते, कुणी आग्रह केलाच तर ‘गोळ्या चालू आहेत’ एवढंच उत्तर. नवरदेवाला हळद लावली, आहेर दिला, की डीजे सुरू व्हायच्या आत निघायचं. परवाच्या हळदीतून साडेआठला घरी आलो. वाटेत काकांचा फोन आला होता.