एज्युकेशन लोन डोक्यावर आहे आणि नोकरी गेली, तर काय करायचं

पहिलं काम म्हणजे बँकेत जा, आणि हप्ता चुकायच्या आधी जा, कारण हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत कर्ज धरते, आणि लोनवर बाबांची किंवा आईची पण सही असते ना, मग त्यांचाही सिबिल स्कोअर (कर्ज फेडण्याची पत दाखवणारा आकडा) पडतो. ब्रँचमध्ये लेखी अर्ज द्या, नोकरी गेल्याचं पत्र जोडा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का घ्याच, हे प्लीज विसरू नका! बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

अजून शिकताय? मग जमेल तेवढं व्याज आत्ताच भरत चला, ५ लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाचं ५० हजार व्याज होतं, ते नाही भरलं तर पुढे मुद्दलात जाऊन बसतं आणि मग त्याच्यावरही व्याज चढतं.

जुन्या टॅक्स रिजीममध्ये या व्याजावर ८ वर्षं सूट मिळते, मुद्दलावर नाही.

आणि हप्त्यासाठी लोन अ‍ॅपवरून पैसे अजिबात उचलू नका, त्यापेक्षा घरच्यांना सांगून बँकेत सोनं ठेवलेलं परवडतं.